वृक्षछाटणीची विद्युत करवत : वापर आणि निगा

भारतात शतकानुशतके झाडांची छाटणी कुऱ्हाड आणि कोयता या हत्यारांनीच होत आली. ही हत्यारे मंदगती आणि चालवणाऱ्यास दमवणारी. मांडीएवढ्या जाडीची फांदी उतरवताना माणूस दोनचार वेळा थांबे, घाम पुसे, वर पाही. त्या थांबण्यातच फांदी कोणत्या अंगास झुकते आहे, खाली कोण उभे आहे, हे त्याच्या नजरेस येई. विद्युत करवतीने हे श्रम नाहीसे केले आणि श्रमांबरोबर थांबण्याचा तो अवकाशही नाहीसा केला. पंधरा सेंटिमीटर जाडीची फांदी ती काही सेकंदांत कापते. जो विचार पूर्वी कामाच्या ओघात आपोआप होत असे तो आता खटका दाबण्यापूर्वीच पुरा करावा लागतो.

करवतीबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत सुरक्षिततेचे प्रकरण आरंभी असते आणि निगेचे अखेरीस. त्यामुळे वाचणाऱ्याचा असा समज होतो की, पहिले प्रकरण जिवासाठी आहे आणि दुसरे यंत्राच्या आयुष्यासाठी. वस्तुतः या यंत्राच्या बाबतीत ही दोन प्रकरणे वेगळी करता येत नाहीत. बोथट, कोरडी किंवा सैल साखळी हेच कित्येक अपघातांचे मूळ असते. याचे कारण समजून घ्यावयाचे तर प्रथम साखळीचा दात लाकूड कसे कापतो हे पाहिले पाहिजे.

दाताची रचना

विजेच्या शक्तीने साखळी फिरवून लाकूड कापण्याची कल्पना जुनी आहे. जर्मनीतील आंद्रेआस श्टील याने १९२६ साली अशी करवत तयार केली. ती इतकी जड होती की चालवण्यास दोन माणसे लागत. पुढच्याच वर्षी एमिल लेर्प याने पेट्रोलवर चालणाऱ्या करवतीची चाचणी थुरिंजियातील डोलमार नावाच्या डोंगरावर घेतली. इंजिने आणि मोटारी सुधारत गेल्या, परंतु साखळी मात्र बराच काळ मागासलेली राहिली. तिचे दात हातकरवतीच्या दातांसारखे असत. ते लाकूड खरवडत, लवकर बोथट होत आणि त्यांना कानस लावण्यातच कामगाराचा पुष्कळ वेळ जाई.

या अडचणीतून वाट काढली ती एका अळीने. १९४६ साली अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याचे लक्ष एका बुंध्यात लाकूड पोखरीत असलेल्या भुंगेऱ्याच्या अळीकडे गेले. ती अळी लाकडाच्या तंतूंबरोबर आणि तंतूंच्या आडवी, दोन्ही दिशांनी सारख्याच सहजतेने पुढे सरकत होती. तिच्या तोंडाशी वळणदार जबड्यांची एक जोडी होती आणि ते डावीउजवीकडे आलटून पालटून लाकूड कुरतडीत होते. कॉक्सने तीच रचना पोलादात उतरवली. १९४७ साली बाजारात आलेल्या त्याच्या साखळीत एक दात डाव्या अंगाचा, तर पुढचा उजव्या अंगाचा होता. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या साखळ्यांचे दात मूलतः याच घडणीचे आहेत.

असा प्रत्येक दात दोन धारांचा असतो. उभी धार लाकडाचे तंतू बाजूने छेदते आणि आडवी धार त्यांखालून रंध्याप्रमाणे छिलका उचलते. दाताच्या पुढे एक लहानसा उंचवटा असतो, त्यास खोलीमापक म्हणता येईल. तो दातापेक्षा किंचित बुटका असतो. घरगुती करवतीत ही उणीव सुमारे ०.६५ मिलिमीटर असते. लाकडावर आधी हा उंचवटा टेकतो आणि त्यामागून येणारा दात तेवढ्याच जाडीचा छिलका काढतो. सुताराच्या रंध्यातून पाते किती बाहेर काढावे हे जसे ठरवावे लागते, तसेच हे आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात येईल. दात धारदार असेल तर तो लाकडात स्वतःच ओढला जातो. चालवणाऱ्याने करवत केवळ धरून ठेवावयाची आणि तिचे वजन लाकडावर पडू द्यावयाचे. दात बोथट झाला की हे ओढणे थांबते, आणि मग माणूस जोर लावू लागतो. जोर लावणाऱ्या माणसाचा तोल पुढे गेलेला असतो, हात ताठरलेले असतात. अशा क्षणी फांदी एकाएकी तुटली किंवा पट्टी कापातून निसटली तर तो स्वतःला सावरू शकत नाही.

उसळी

साखळी करवतीच्या अपघातांमध्ये सर्वांत भयंकर अपघात उसळीचा होय. करवतीची पट्टी पुढच्या टोकास गोलाकार असते. साखळी पट्टीच्या वरच्या कडेने पुढे जाते, टोकाला वळसा घालते आणि खालच्या कडेने परत येते. टोकाच्या वरच्या चतुर्थांश भागात साखळी वळत असताना दातापुढील खोलीमापक खाली झुकतो आणि दात उघडा पडतो. नेमक्या त्याच ठिकाणी एखादी फांदी लागली तर दात प्रमाणाबाहेर मोठा घास घेतो, तो घास त्याला पेलत नाही, आणि साखळीचा सारा वेग उलट फिरून पट्टीला वर व मागे, म्हणजे चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे अथवा मानेकडे फेकतो. साखळीची गती सेकंदाला दहा ते पंधरा मीटर, म्हणजे ताशी ३६ ते ५४ किलोमीटर असते. हे सारे इतक्या अल्पावधीत घडते की, हात मागे घ्यावा असा विचार मनात येण्यापूर्वीच ते घडून गेलेले असते.

छाटणीच्या कामात हा धोका ओंडके कापण्याच्या कामापेक्षा अधिक असतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. जमिनीवर पडलेला ओंडका एकटा असतो. झाडावरच्या फांदीमागे मात्र दुसरी फांदी असते, तिच्यामागे तिसरी, आणि पानांच्या गर्दीत पट्टीचे टोक कोठे पोहोचले आहे हे दिसत नाही. यास्तव मुख्य काप घेण्याआधी बारीक डहाळ्या हातकात्रीने किंवा कोयत्याने काढून जागा मोकळी करणे हा अनुभवी माळ्यांचा शिरस्ता असतो. तो वेळखाऊ वाटतो, पण त्यातच शहाणपण आहे.

करवत दोन्ही हातांनीच धरावी. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून वळवलेला असावा. तो इतर बोटांच्या रांगेत वरून टेकवला तर उसळीच्या वेळी मूठ हातातून सुटते. उभे राहताना शरीर पट्टीच्या सरळ रेषेत न ठेवता तिच्या किंचित डावीकडे ठेवावे, म्हणजे करवत उसळलीच तरी ती उजव्या खांद्याच्या बाजूने निघून जाईल. खांद्याच्या वर करवत नेऊन कापू नये. पुढच्या मुठीसमोरील आडवी ढाल हे केवळ हाताचे संरक्षण नव्हे. ती पुढे ढकलली गेली की साखळी तत्काळ थांबवणारा रोधक सुरू होतो. तो काम देतो की नाही हे दर दिवशी पहिला काप घेण्यापूर्वी, करवत मोकळी फिरवून पाहावे.

अलीकडे बॅटरीवर चालणाऱ्या, दहापंधरा सेंटिमीटर पट्टीच्या, एका हाताने धरता येण्याजोग्या लहान करवती बागकामासाठी पुष्कळ विकल्या जातात. त्यांचा आकार खेळण्यासारखा वाटतो आणि त्यामुळेच त्या विशेष सावधगिरीने हाताळावयास हव्यात. त्यांपैकी बहुतेकींना साखळीरोधक नसतो. शिवाय एक हात मोकळा असल्याने त्या हाताने फांदी धरण्याचा मोह होतो, आणि करवत निसटली की तिच्या वाटेत पहिल्याने येतो तो हाच हात.

धार, ताण आणि तेल

धार गेल्याची खूण भुशात दिसते. धारदार साखळी लहान लहान छिलके उडवते. बोथट साखळी पिठासारखी बारीक पूड पाडते, कापाजवळ लाकूड करपते आणि धुराचा वास येऊ लागतो. पूड दिसताच काम थांबवावे. आणखी दोनच फांद्या उरल्या आहेत, तेवढ्या उरकून मग धार लावू, हा विचार या यंत्राच्या बाबतीत परवडणारा नाही.

कानस लावण्यापूर्वी, किंबहुना साखळीला बोट लावण्यापूर्वी, प्लग काढलेला किंवा बॅटरी वेगळी केलेली असली पाहिजे. केवळ खटका सोडलेला असणे पुरेसे नाही. पेट्रोलची करवत बंद असली की बंदच राहते. विजेच्या करवतीला मात्र चालू होण्यासाठी केवळ खटक्यावर चुकून पडलेला दाब पुरतो. घरगुती करवतींत सर्रास आढळणाऱ्या ३/८ इंच मापाच्या कमी उंचीच्या साखळीस ४ मिलिमीटर व्यासाची गोल कानस लागते. साखळ्यांची मापे भिन्न असल्याने आपल्या करवतीच्या पुस्तिकेत दिलेले माप पडताळून घ्यावे. कानस पट्टीशी सामान्यतः ३० अंशांचा कोन करून, दाताच्या आतून बाहेरच्या दिशेने चालवावी. परत आणताना ती उचलून आणावी, घासत आणू नये. प्रथम एका अंगाचे सर्व दात, नंतर दुसऱ्या अंगाचे. प्रत्येक दातास सारखेच, तीन किंवा चार हात द्यावेत. एखादा दात दगडाला वा खिळ्याला लागून अधिक झिजला असेल तर इतर सर्व दात त्याच्याच लांबीचे करावे लागतात. एका अंगाचे दात लांब व दुसऱ्या अंगाचे आखूड राहिले तर काप सरळ न जाता एका बाजूस वळतो आणि पट्टी लाकडात अडकते.

दात झिजत गेला की त्याची उंचीही घटते, म्हणून अधूनमधून खोलीमापकही सपाट कानशीने तेवढाच खाली घ्यावा लागतो. येथे उत्साह आवरावा. मापक अधिक घासला तर करवत अधिक वेगाने कापेल असे वाटते, आणि काही क्षण ती तशी कापतेही. परंतु मोठे घास घेणारी साखळी झटके देते, आणि मोठा घास हेच उसळीचे कारण असल्याचे वर आलेच आहे. या कामासाठी मिळणारी मापपट्टी अल्प किमतीची असते. तिच्याविना मापकास हात लावू नये.

ताणाची परीक्षा सोपी आहे. पट्टीच्या खालच्या कडेला साखळी पट्टीला चिकटून बसलेली असावी, आणि हातमोजा घातलेल्या हाताने ओढली असता ती पट्टीवरून अडथळ्यावाचून सरकावी. मध्यभागी धरून खेचली तर किंचित सुटावी, मात्र तिच्या आतील कड्या पट्टीच्या खाचेतून पूर्ण बाहेर येऊ नयेत. काम करताना साखळी तापते, लांबते आणि सैल होते, तेव्हा मध्येच ती ताणावी लागते. काम संपल्यावर ती पुन्हा सैल करण्यास पुष्कळजण विसरतात. तापलेल्या अवस्थेत ताणलेली साखळी थंड होताना आखडते आणि मोटारीच्या आसावर व पट्टीवर भार देत राहते. नव्या साखळीचा ताण पहिल्या अर्ध्या तासात अनेकदा पाहावा. पट्टी वेळोवेळी उलटी करून बसवावी, म्हणजे तिच्या दोन्ही कडा सारख्या झिजतील.

साखळीला तेल सतत मिळाले पाहिजे. पट्टीचे टोक एखाद्या जुन्या वर्तमानपत्रासमोर, त्याला न टेकवता धरून करवत क्षणभर फिरवली असता कागदावर तेलाची पुसट रेघ उमटावी. ती उमटली नाही तर टाकी भरलेली असूनही पट्टीतील छिद्र भुशाने बुजलेले असण्याचा संभव असतो. साखळीसाठी मिळणारे चिकट तेलच वापरावे. मोटारगाडीतून काढलेले वापरलेले तेल फुकट मिळते म्हणून कोणी घालतात. त्यातील धातूचे कण पट्टी झिजवतात आणि ते तेल हातावर, मातीवर व झाडाच्या ताज्या जखमेवर उडत राहते. स्वयंपाकाचे तेल त्या मानाने निरुपद्रवी, परंतु करवत काही दिवस पडून राहिली की ते वाळून लाखेसारखे घट्ट होते.

प्रत्येक दिवसाच्या अखेरीस दातेरी चाकावरील झाकण काढून आत साठलेला तेलकट भुसा कोरड्या कुंचल्याने काढावा, तसेच मोटारीस हवा देणाऱ्या फटी मोकळ्या कराव्यात. विजेच्या करवतीवर पाणी ओतून ती धुऊ नये. ब्रश असलेल्या मोटारीत ठिणग्या वाढलेल्या दिसल्या तर कार्बनचे ब्रश झिजले आहेत असे समजावे.

वीज

विद्युत करवतीच्या बाबतीत धोका एका साखळीचा नसून दोन प्रवाहांचाही आहे. एक प्रवाह आपण सोबत नेलेल्या वायरीतला आणि दुसरा डोक्यावरच्या तारांतला.

समजा, २,००० वॅटची करवत २३० व्होल्टवर चालते आहे. ती सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेते. घरातून ५० मीटर लांबीची वायर झाडापर्यंत नेली आणि ती ०.७५ चौरस मिलिमीटर जाडीची, म्हणजे एखाद्या टेबलदिव्याला शोभेलशी असली, तर वाटेतच सुमारे २० व्होल्ट खर्ची पडतात आणि पावणेदोनशे वॅटची उष्णता वायरीत निर्माण होते. वायर चक्रीवर गुंडाळलेली असेल तर ही उष्णता बाहेर पडत नाही, आवरण मऊ होते आणि प्रसंगी वितळते. इकडे करवतीस पुरेसा दाब न मिळाल्याने ती मंदावते, माणूस जोर लावतो, मोटार अधिकच तापते. तीच वायर २.५ चौरस मिलिमीटरची असली तर तूट ६ व्होल्टांच्या आसपास राहते. वायर तीच घ्यावी आणि चक्रीवरून संपूर्ण उलगडून वापरावी. प्लगचा जोड जमिनीवर दवात किंवा ओल्या गवतात पडलेला नसावा. वायर मागच्या बाजूने खांद्यावरून घेतली तर ती साखळीपासून दूर राहते.

बहुतेक विद्युत करवतींना दुहेरी विद्युतरोधन असते, म्हणून त्यांच्या प्लगास अर्थिंगची तिसरी पिन नसते. हे रोधन यंत्राच्या आतल्या बिघाडापासून वाचवते, पण साखळीने स्वतःचीच वायर कापली तर त्याचा उपयोग नाही, आणि छाटणीच्या कामात असे होऊ शकते. यासाठी ज्या सॉकेटमधून वीज घ्यावयाची त्याच्या मागे ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच असणे अगत्याचे आहे. नेहमीचा फ्यूज वायरीला जळण्यापासून वाचवतो, माणसाला नव्हे. माणसाच्या शरीरातून जाऊन प्राण घेण्यास पुरेसा होणारा प्रवाह फ्यूज वितळवण्यास लागणाऱ्या प्रवाहाच्या मानाने अत्यल्प असतो. गळतीरोधक स्विचवर चाचणीचे बटण असते, ते काम सुरू करण्यापूर्वी दाबून पाहावे.

डोक्यावरच्या तारांबाबत नियम याहून साधा आणि याहून कठोर आहे. वस्तीतून व शेतांतून जाणाऱ्या ११,००० व्होल्टच्या तारांना बहुधा कोणतेही आवरण नसते. त्यांच्या सान्निध्यात प्रत्यक्ष स्पर्शाची गरज पडत नाही. ओली फांदी, धातूची शिडी किंवा लांब दांड्याची करवत एवढे माध्यम पुरते. फांदीचा कोणताही भाग तारेपासून तीन मीटरच्या आत असेल, अथवा पडताना येण्याचा संभव असेल, तर ती फांदी गृहस्थाच्या किंवा माळ्याच्या कामाची नाही. वीज कंपनीस कळवून, पुरवठा बंद झाल्याची खात्री झाल्यावर, त्यांच्याच माणसांकडून ती काढून घ्यावी. लांब दांड्याच्या करवतीची मूठ रबराची असते म्हणून ती विजेपासून संरक्षण देते हा समज प्राणघातक आहे.

बॅटरीच्या करवतीने वायरीचा प्रश्न मिटतो. तिची निगा एवढीच की, उन्हात काम करून तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नये. बहुतेक लिथियम बॅटऱ्यांना ४० अंश सेल्सिअसच्या वर भारित करणे मानवत नाही, आणि उत्तर भारतातील वैशाखात सावलीतले तापमानही त्या मर्यादेपलीकडे जाते. दीर्घकाळ ठेवून द्यावयाची असेल तर बॅटरी अर्धी भारित, करवतीपासून वेगळी आणि थंड जागी ठेवावी.

उभे राहण्याची जागा

शिडीवर उभे राहून साखळी करवत चालवू नये. शिडीवरील माणसाला एक हात शिडीसाठी हवा असतो, तर करवतीला दोन्ही. शिवाय फांदी तुटून पडताच तिच्या भारातून मुक्त झालेले उरलेले खोड वर उचलले जाते. शिडी त्याच फांदीला टेकवलेली असेल तर तिचा आधार सुटतो. उंचावरील फांदी जमिनीवरूनच लांब दांड्याच्या करवतीने उतरवावी, आणि तेव्हाही फांदीच्या बरोबर खाली उभे न राहता बाजूला, दांडा तिरपा धरून उभे राहावे. ती उंची पुरत नसेल तर दोर व पट्टे बांधून चढणारे प्रशिक्षित वृक्षकर्मी बोलवावेत.

डोळ्यांना चष्मा, डोक्यावर शिरस्त्राण, पायांत जाड बूट आणि अंगात घट्ट कपडे हवेत. उपरणे, पदर, लोंबणारी मफलर ही साखळीला आयतीच सापडतात. पायांसाठी मिळणाऱ्या संरक्षक विजारींविषयी मात्र एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. त्यांतील लांब तंतू साखळीत गुंतून दातेरी चाक अडवतात आणि करवत थांबवतात. ही योजना प्रामुख्याने पेट्रोलच्या करवतींसाठी आहे. विजेच्या मोटारीची ओढ मंद गतीतही कायम राहत असल्याने ती त्या तंतूंनी थांबेलच याची शाश्वती नसते. विजार घालावी, परंतु तिच्या भरवशावर राहू नये.

झाडाकडे वर पाहिल्याखेरीज करवत सुरू करू नये. आग्या मोहोळाच्या माशा फांदीच्या नुसत्या कंपनाने उठतात. आंब्यावरील तांबड्या मुंग्या हातावर चढल्या की माणूस हातातले सोडतो, मग हातात काहीही असो. आंब्याच्या चिकाने त्वचेवर फोड येतात, म्हणून बाह्या लांब असाव्यात. घरटे असेल तर पिले उडून जाईपर्यंत काम लांबवावे. कायद्याचाही विचार करावा लागतो. महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रांसाठी १९७५ चा आणि दिल्लीसाठी १९९४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात वृक्ष तोडण्याच्या व्याख्येत त्यास इजा पोचवण्याचाही समावेश होतो. आपल्या अंगणातले झाड असले तरी मोठ्या छाटणीपूर्वी वृक्ष अधिकाऱ्याकडे चौकशी करणे उचित.

काप कोठे घ्यावा

करवत कशी धरावी हे शिकल्यावरही ती कोठे ठेवावी हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर ज्याने दिले त्याने ते याच हत्याराच्या साहाय्याने शोधले. अमेरिकेच्या वनसेवेतील वनस्पतिरोगतज्ज्ञ अॅलेक्स शायगो (१९३०–२००६) याने साखळी करवतीने हजारो झाडे आडवी न कापता उभी चिरली आणि जुन्या जखमांमागे लाकूड आत कोठवर कुजले आहे याचा माग काढला. १९७० च्या दशकात त्याने मांडलेला निष्कर्ष असा की, झाडाची जखम प्राण्याच्या जखमेप्रमाणे नव्या पेशींनी भरून येत नाही. झाड जखमी भागाभोवती रासायनिक व शारीरिक भिंती उभ्या करून तो भाग बंदिस्त करते आणि त्याबाहेर नवे लाकूड वाढवीत राहते.

या भिंतींपैकी सर्वांत उपयुक्त भिंत फांदीच्या मुळाशी असते. तेथे खोडाची साल फांदीभोवती किंचित फुगून कंठाप्रमाणे दिसते. पूर्वी काप खोडाशी अगदी सपाट घ्यावा असे शिकवले जाई. तो दिसावयास नीटनेटका असे, परंतु त्यात हा कंठच छाटला जाऊन कुजीला खोडात वाट मिळे. उलटपक्षी खुंट लांब ठेवला तर तो वाळतो, कुजतो आणि पुढे तेथे ढोली पडते. काप कंठाच्या लगत, पण कंठाबाहेर घ्यावयाचा.

जड फांदी एका कापात काढता येत नाही. फांदीच्या वरच्या अंगाचे तंतू भाराने ताणलेले असतात आणि खालच्या अंगाचे दाबलेले. वरून कापत गेल्यास काप पूर्ण होण्याआधीच फांदी मोडते आणि खालची साल खोडापर्यंत सोलीत नेते. म्हणून पहिला काप खोडापासून सुमारे तीस सेंटिमीटरवर, खालून वर, जाडीच्या चतुर्थांशाएवढा घ्यावा. दुसरा काप त्याच्या किंचित पुढे, वरून खाली. फांदी तेथे स्वच्छ तुटून पडते. उरलेला हलका खुंट एका हातकरवतीने किंवा विद्युत करवतीने कंठाबाहेर कापावा. खालून कापताना पट्टीची वरची कड वापरली जाते आणि साखळी करवतीला माणसाकडे ढकलते. हात त्यासाठी तयार असावेत. पडलेल्या फांदीची दोन्ही टोके टेकलेली असतील तर ताणाचा हिशेब उलट होतो. वरून कापताच काप मिटतो आणि पट्टी चिमटीत सापडते. अशा वेळी खटका तत्काळ सोडावा, कारण अडकलेली मोटार कित्येक पट प्रवाह ओढून जळते. प्लग काढावा आणि पाचर ठोकून काप उघडावा. करवत हिसकू नये.

लखनौजवळील मलिहाबादच्या आमराया या संदर्भात पाहण्याजोग्या आहेत. दशहरी आंब्याच्या तेथील जुन्या बागांत झाडे उंच गेली, त्यांचे माथे एकमेकांत मिसळले, आत ऊन शिरेना आणि फळ घटले. लखनौ येथील केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेने अशा झाडांच्या पुनरुज्जीवनाची पद्धत बसवली. डिसेंबर-जानेवारीत जमिनीपासून तीनचार मीटरवर मुख्य फांद्या छाटावयाच्या, फुटणारे धुमारे पुढे विरळ करावयाचे, आणि सुमारे तिसऱ्या वर्षापासून पुन्हा फळ घ्यावयाचे. या कामी कुऱ्हाडीऐवजी यांत्रिक करवत वापरण्याचे कारण वेग हे नव्हे. कुऱ्हाडीच्या घावाने फांदीचे टोक चिरफळते, आणि चिरफळलेल्या लाकडात खोडकिड्याला आयतेच घर मिळते. करवतीने घेतलेला स्वच्छ काप ताम्रयुक्त बुरशीनाशकाचा लेप लावून झाकता येतो. शायगोने मात्र जखमेवर रंग वा डांबर फासण्याचा उपयोग नाही असे दाखवले होते. या दोन्ही मतांत वाटतो तेवढा विरोध नाही. तो कंठाबाहेरील कापाविषयी बोलत होता, तर येथे फांदी मध्येच तोडलेली असते. तिला कंठाचे संरक्षण नसते आणि तिची जखम फार मोठी असते.

कंठाबाहेरील काप साधला की नाही हे वर्षभरानंतर झाडावरच वाचता येते. जखमेच्या कडेने नव्या लाकडाचे कडे वाढू लागलेले असते. ते चहूबाजूंनी सारखे आणि वर्तुळाकार असेल तर काप योग्य जागी पडला होता. ते केवळ डाव्याउजव्या अंगास वाढून वर आणि खाली उघडे राहिले असेल तर करवत खोडाच्या फार जवळ गेली होती, आणि पुढच्या फांदीला ती बोटभर बाहेर ठेवावी लागेल.